खेकडे पाण्याबाहेर आले ती सकाळ

मुलांनो, या वर्षी कॉफीचा डबा आला नाही म्हणून तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. पीक बुडालं का, असंही विचारलंत. बुडालं नव्हतं. झाडं लाल फळांनी वाकली होती. ती मी का वाळवली नाहीत, ते फोनवर नीट सांगता आलं नाही.

आपल्या घरामागचा ओढा तुम्हाला आठवत असेल. त्याच्या काठच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण कॉफीची फळं यंत्रातून काढतो आणि चिकट बिया ओढ्याच्या पाण्यात धुतो. खाली, हाकेच्या अंतरावर, कातकऱ्यांची वाडी आहे. ते लोक ओढ्याच्या काठी वाळूत खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणतात. त्यात निथळून येणारं पाणी ते पितात.

दिवाळीच्या आधी फळांना कीड लागली. पौडहून औषध आणलं. बाटलीवरचं बारीक इंग्रजी मी भिंग घेऊन वाचलं आणि वहीत उतरवलं. फवारणीनंतर पंप तीन वेळा धुवा, असं होतं. औषध पाण्यात जाऊ देऊ नका, असंही होतं; ते मला उरलेल्या औषधाबद्दल वाटलं. मी उभी राहून गड्याकडून पंप तीन वेळा धुऊन घेतला. ओढ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली एक बाई फाटकाशी आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, अंगानं काटक. ती खेकडे धरते. बिळाच्या तोंडाची माती पाहून आत खेकडा आहे की साप, हे सांगते आणि मग कोपरापर्यंत हात घालते. त्या दिवशी तिची टोपली रिकामी होती.

"आजी, औषध मारलं का तू?"

"हो. पण झाडांवर."

"मंग पंप कुटं धुतला?"

"तीन वेळा धुतलाय, अगदी स्वच्छ."

"कुटं, त्ये इचारते."

मी ओढ्याकडे बोट दाखवलं.

"मंग तीनदा इख घातलं की! येकदाच धुतला असता तर बरं झालं असतं." ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "चल, बग."

मी चपला घालून तिच्यामागे गेले. भर उन्हात खेकडे दगडांवर येऊन बसले होते. काही उताणे पडले होते, पाय हलवत होते. खेकडा उन्हात असा बसत नाही, हे मला तिनं सांगितलं. पाण्यात राहवेना म्हणून बाहेर आले होते. तिची सून सातव्या महिन्यात होती. पहाटेच हे पाहून या सासूनं सगळ्या वाडीचा झिरा दगड लावून बंद केला होता आणि मगच माझ्याकडे आली होती. प्रयोगशाळा नाही, कागद नाही; नुसते डोळे. मी बाटलीवरची ओळ न ओळ वाचली होती.

मी लगेच आपल्या बोअरचं पाणी पाइपनं वाडीला दिलं. संकोचत म्हटलं, "लागेल तितकं घ्या."

"घेनारच. तू आमचं पानी घान केलं," ती म्हणाली. मला ते आवडलं. तिनं उगीच आभार मानले असते तर मला मान वर करता आली नसती.

फळं पिकली तेव्हा मी तिलाच विचारलं, बिया धुऊ का? "त्या फळावर औषध हाय ना? मंग न्हाई." मी सगळं पीक ओढ्यापासून लांब खड्ड्यात पुरलं. गडी हळहळला. झिरा बंदच राहिला. सुनेला मुलगी झाली, तिची पहिली आंघोळही आपल्या बोअरच्या पाण्यानं झाली.

पावसाळा सुरू झाला तरी ती रोज ओढ्यात दगड उलटून पाहत होती. परवा तिनं मला हाक मारली. तिच्या तळहातावर खेकड्याची मादी होती. पोटाखालची झडप तिनं नखानं उचलली, तर आत मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती.

"ही न्हाई खायाची," म्हणत तिनं ती दगडाखाली परत सोडली. मग झिऱ्यावरचा दगड बाजूला केला, आतला गाळ उपसला, पाणी निवळेपर्यंत थांबली आणि आधी स्वतः एक ओंजळ प्यायली.

"चार दिस मीच पिते. मंग सून."

आज तिसरा दिवस आहे. शेडच्या मागे, ओढ्यापासून लांब, मी बिया आणि पंप धुतलेलं पाणी सोडायला मोठा खड्डा खणायला घेतलाय. जागा तिनंच दाखवली.