झिंग्यांच्या सापळ्यात वरबाप

मला थाटमाट आवडत नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्या मुलाच्या लग्नात घोडा, दोन बँड आणि ट्रॅक्टरभर फटाके होते.

सोयरीक करायला आम्ही बेज्जूरहून प्राणहिता नदीपल्याड निघालो होतो. मुलं एकमेकांना पसंत होती. लग्न कसं करायचं एवढंच ठरायचं होतं. "चहा, हार आणि घरी," असं माझं भाषण पाठ होतं. नावेत मी, मुलगा, थोरली बहीण आक्का आणि नावाडी पोचन्ना.

पलीकडचा काठ जवळ आला आणि पाणीच दिसेना. जिकडेतिकडे प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. बाटलीखाली दोरी, दोरीखाली झिंगे धरायचा बांबूचा सापळा. वल्हं दोरीत गुंतलं. पोचन्नाने विळा काढला.

"ठेव तो," आक्का म्हणाली. "सोयरिकीच्या दिवशी काई तोडत नसते."

"आक्का, दोरी हाय ते."

"आज दोरी, उद्या सोयरीक."

मग सापळेच उचलून नावेत घेणं आलं. एक माझ्या कोटाजवळ, एक मिठाईच्या डब्यावर, एक खुद्द आक्काच्या मांडीवर. तिला चालत होतं. तोडलं तर नव्हतं!

मी उभा राहिलो. (बसून बोललेलं आमच्या घरात कोणी ऐकत नाही. उभ्यानेही ऐकत नाहीत, पण मी दिसतो तरी.) "विज्ञानाच्या युगात..." एवढं झालं, नाव डुलली आणि माझा उजवा पाय सापळ्याच्या तोंडात गेला. त्या तोंडाला आतल्या बाजूने बांबूच्या टोकदार काड्या असतात. झिंगा आत जातो, बाहेर येत नाही. सापळ्याने माझ्याबाबतीत भेदभाव केला नाही.

"कापा," मी म्हणालो.

"आज?" आक्का.

"बाबा, हलू नका," मुलगा म्हणाला. "आत अजून झिंगे हायत."

काठावर व्याही हात जोडून उभे होते. त्यांची नजर माझ्या पायावर गेली.

"सापळा आमचाच हाय. तुमच्याच जेवणासाठी लावला होता," ते म्हणाले. मग वाकून पाहत, "पन यवढा मोठा कदी लागला नाई."

त्यांच्या म्हाताऱ्या आईने निकाल दिला: बोलणी होईस्तोवर विळा लावायचा नाही. आक्काने तिला तिथेच मिठी मारली.

मी बैठकीत बसलो, सापळ्यासकट. आत कोणीतरी माझी करंगळी चाखून पाहत होतं.

"बँड त लावाच लागते," व्याही म्हणाले.

"माझं म्हणणं, साधं लग्न..." आतून चिमटा बसला. "लावा."

"घोडा?"

"आणा."

"दुसरा बँड मेव्हण्याचा हाय. नाई बोलावला त रुसन."

"दोन्ही वाजवा. विळा कुठं हाय?"

"असा मोठ्या मनाचा वरबाप मी पाह्यला नाई," म्हातारी डोळे पुसत म्हणाली, आणि मगच विळा आला.

लग्नात फेटेवाला समोर आला तेव्हा मी मुकाट्याने डोकं पुढे केलं. पाय मात्र आधीच खुर्चीवर घेऊन बसलो होतो.