पपईच्या वाफ्यावरची राख

सोलापूरच्या माणसाला उन्हाचं काही सांगायला जाऊ नका. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटत असतं, तेव्हाही हा गडी गाड्यापाशी उभा राहून कढत चहा पितो. पण थंडी म्हटली की त्याचं सगळं अवसान गळतं. परवाच्या डिसेंबरात पारा एकाएकी खाली आला, तर अख्खं गाव कानटोप्या घालून, खांदे आखडून हिंडत होतं. माणसं निदान हिंडत तरी होती. झाडांनी कुठं जावं?

अक्कलकोट रस्त्याला, स्मशानाच्या भिंतीला लागून केराबाईची रोपवाटिका आहे. असल्या शेजारामुळं लोक नाकं मुरडतात, पण रोपं तिच्याकडचीच नेतात. तीस वर्षं बाई एकटीनं ती बाग सांभाळते. हाताला गुण आहे आणि जीभ तिखट. गिऱ्हाइकानं रोपाचं पान चुरगाळून बघितलं तर म्हणते, "तुमचा कान असा पिळला तर चालंल का?"

त्या आठवड्यात मात्र तिची जीभ गप्प होती. शेवंती तग धरून होती, पण पपईची रोपं रोज सकाळी माना टाकलेली दिसायची, पानांच्या कडा काळ्या पडलेल्या. तिनं संध्याकाळी पाणी दिलं, पालापाचोळा पेटवून धूर केला, घरातल्या जुन्या चादरी वाफ्यांवर ओढल्या. उरला उपाय राखेचा. थंडीत कोवळ्या पानांवर चाळलेली राख भुरभुरली की रोप वाचतं, हे तिला तिच्या सासऱ्यानं शिकवलेलं. पण पाल्याची राख मूठभर निघायची, आणि एवढी राख आता आणायची कुठून? घरोघरी गॅस. सगळ्या गावात एकच जागा उरली होती, जिथं राखेला तोटा नव्हता.

स्मशानाचा राखणदार बिभीषण तिला कधी नाही म्हणायचा नाही. त्याची एकच अट होती. "सावडून झालेल्या वट्यावरची ने, मावशी. दुसऱ्याला हात लावायचा न्हाय." म्हणजे नातेवाइकांनी तिसऱ्या दिवशी येऊन अस्थी वेचून नेल्या, की मागं उरलेली राख तिची. केराबाई त्यासाठी हातानं चाचपून बघायची. न सावडलेला ढीग दोन-तीन दिवस तरी ऊब धरून असतो. ऊब लागली की तिथून मागं फिरायचं. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

सोमवारी नागूबाई गेली. देवळाबाहेर हार विकणारी नागूबाई. ह्याच बागेतल्या शेवंतीवर तिचा धंदा चालायचा. रोज पहाटे कुंपणाशी येऊन हाक मारायची, "केरे, फुलं दे गं!" फुलं मोजून झाली तरी बोलणं संपायचं नाही. तिच्या मातीला केराबाई गेली नाही. रोपं झाकायची वेळ होती. सावडायला जाईन, असं तिनं मनाशी ठरवलं आणि चादरी ओढत बसली. हे तिला आतून खात होतं.

बुधवारी उजाडायच्या आधी ती पोतं घेऊन भिंतीच्या भगदाडातून पलीकडं गेली. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. दोन ओट्यांवर राख होती. पहिल्या ढिगावर तिनं तळवा टेकवला. गार. भरलं पोतं, उचललं आणि आली. दुसऱ्या ढिगाला हात लावून बघायचं तिला सुचलंच नाही. सुचलं असतं तर कळलं असतं की दोन्ही गार होते. त्या थंडीनं चितेची सुद्धा ऊब खाल्ली होती.

घरी येऊन ती चाळायला बसली. दोन वाफे भुरभुरून झाले. तिसऱ्या खेपेला चाळणीत काहीतरी खणखणलं. तिनं उचलून बघितलं, तर वीतभर लांब पोलादी पट्टी, तिला स्क्रू तसेच. शेजारी हाडांचे तुकडे.

सात वर्षांपूर्वी नागूबाई देवळाच्या पायरीवरून पडली होती. डाव्या पायात पट्टी घातली होती, तेव्हापासून टाच टेकत नव्हती. "माझ्या तंगडीत लोखंड हाय, भंगारवाल्याला सांगू नगंस," असं म्हणून ती हसायची.

"नागे, काय केलं गं मी हे!" केराबाई मोठ्यानं म्हणाली.

आठ वाजता नागूबाईची माणसं सावडायला येणार होती. केराबाईनं पट्टी, हाडं, उरलेली राख, सगळं पोत्यात घातलं आणि अनवाणीच धावली. वाफ्यांवर पडलेली राख काही गोळा होणार नव्हती. ओट्यावर पोतं रिकामं करताना तोल गेला आणि एक पाय राखेत पडला. तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. हातानं ढिगाच्या कडा तेवढ्या सारख्या करून ती खाली उतरली आणि सावडायला आल्यासारखी बाजूला उभी राहिली.

नागूबाईची एकुलती एक लेक श्रीदेवी बार्शीहून आली होती. "बायकांनी यायचं नसतं," म्हणणाऱ्या नवनाथमामाला तिनं वाटेतच गप्प केलं होतं. तिचे डोळे खोल गेलेले. मामा आधी ओट्याकडं वाकला. सावडण्याआधी राखेवर पाऊल उमटलंय का बघतात. त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे.

"पोरी, हितं ये!" मामाचा आवाज चिरकला. "आक्का येऊन गेली! माणसाचंच पाऊल हाय!"

श्रीदेवी वाकली. "डाव्या पायाचं हाय, मामा. टाच पुरी टेकलीया." आणि तिला रडू फुटलं. "आईचा पाय बरा झाला."

"करंगळी तेवढी उमटली न्हाय," मामा म्हणाला.

केराबाईनं डावा पाय लुगड्याच्या घोळात ओढून घेतला. तिची करंगळी वीस वर्षांपूर्वी कुदळीखाली गेली होती. श्रीदेवीनं त्या पावलावर कपाळ टेकवलं तेव्हा खरं बोलायची वेळ होती. केराबाईनं तोंड उघडलंही. पण मामा हात जोडून हसत होता, लेक रडत होती, आणि तिचा धीर झाला नाही. भित्री म्हणा हवं तर. ती स्वतःला त्याहून वाईट म्हणत होती.

मग सुरू झाला तिचा वनवास. पाय दहादा धुतला तरी टाचेच्या भेगांतली राख निघेना. पहाटे शेकोटीशी बसलं की कुंपणाकडून हाक यायची, "केरे, फुलं दे गं!" ती उठून जायची. कुंपणापाशी कुणी नसायचं. त्या दोन वाफ्यांना पाठ दाखवून जायची तिची छाती होत नव्हती, तोंड तिकडं ठेवून आडवी चालायची. बाकीची पपई थंडीनं गेली. राखेची एकशेवीस रोपं तेवढी टवटवीत, आणि तीच तिला बघवत नव्हती. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "ती इकायची न्हाईत." का, ते सांगायची नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, श्रीदेवी फुलं सांगायला आली.

"मावशी, आई गेल्यापासनं डोळ्याला डोळा नव्हता," ती म्हणाली. "ते पाऊल बघितलं आन त्या राती झोपले बघा. मामा तर आल्यागेल्याला सांगत सुटलाय."

फुलांचं बोलून झालं आणि निघताना श्रीदेवी पाया पडायला वाकली. केराबाईनं डावा पाय मागं घेतला, पण उशीर झाला होता. पोरीचा हात त्या पायावर होता. करंगळीच्या रिकाम्या जागी आला आणि तिथून हलेना.

"माझंच हुतं गं ते," केराबाई म्हणाली. "राख मीच नेलती. अंधारात कळलं न्हाई. हाडं समदी परत ठिवली, देवाशपथ. पर थोडी राख ह्या रोपांवर पडली. मला काय बी म्हण, पोरी. मार हवं तर."

श्रीदेवी उठून वाफ्यापाशी गेली. पपईच्या पानांवर अजून करडा थर होता. तिनं एका पानाला बोट लावलं आणि बोटाकडं बघत राहिली.

"मामाला सांगू नका," ती म्हणाली.

"न्हाई सांगत."

"ही राख धुऊन काढणार व्हता का?"

"तू म्हणशील तसं."

"नगा काढू." वारा सुटला होता, तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "राती झाकता का ह्यांना?"

"झाकते की. चादरी हायत तितं."

श्रीदेवीनं कोपऱ्यातली चादर उचलली, झटकली आणि वाफ्यावर पसरली. चारी बाजूंनी खाली खोचली. एका कडेला फट राहिली होती, तिथं वारा शिरत होता. ती परत वाकली आणि ती कड हातानं दाबून घट्ट खोचली. "आईला लई थंडी वाजायची, मावशी," ती म्हणाली.