पहिला पेला कोणाचा?

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझे डोके तापते. बायको म्हणते, "आता तरी सोडा की, केस संपली." केस संपली हे खरे. राग संपला नाही, आणि तो संपावा असे मला वाटतही नाही.

तेव्हा मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्याआधीची नोकरी ओझरकडे झाली होती. तिथे कारखान्याची पाळी सुटली की वाहतूक, मोबाईलच्या चोऱ्या, भाडेकरूंची भांडणे असा धबडगा असायचा. इथे उतारावर नागली, खाली खाचरात भात आणि बांधाबांधावर मोहाची झाडे. भात कापून झाला की अर्धे खोरे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचे.

त्या खोऱ्यात एका विधवा बाईचे घर होते. सगळे तिला मावशी म्हणत. ती मोहाची दारू गाळायची आणि पडवीत बसलेल्यांना द्यायची. आमच्या भाषेत तो 'हातभट्टीचा अड्डा'. पण आमच्या भाषेचे सोडा. बाजाराच्या दिवशी तिथे बाप्ये बसत, बायाही बसत. सोयरिकी तिथे जुळत, बांधाची भांडणे तिथे मिटत. एखाद्याची जीभ जड झाली की मावशी पुढचा पेला देत नसे, "जा घरी, नागलीची भाकर खा" म्हणून हाकलून देई. दिवेलागणीला पडवी झाडून मोकळी. तरीही कायद्याने तो गुन्हाच होता, हे मी आजही नाकारत नाही. मी स्वतः दारूला शिवत नाही, त्यामुळे माझा त्यात जीव अडकला होता असेही कोणी समजू नये.

त्याच खोऱ्याच्या तोंडाशी एक रिसॉर्ट उभे राहिले होते. मुंबईची, नाशिकची माणसे शनिवार-रविवारी येत. आता मोहाला 'आपला वारसा' म्हणायची फॅशन आली आहे. रिसॉर्टवाल्याने ती बरोबर हेरली होती. 'डोंगरातली अस्सल मोहाची चव' असे तिथे मिळायचे.

मी एका जुन्या खटल्यात साक्ष द्यायला नाशिकला गेलो असताना इकडे प्रकार घडला. रिसॉर्टच्या मॅनेजरचा ठाण्यात फोन आला की आमच्या बागेत काम करणारा एक तरुण मावशीच्या घराखालच्या वळणावर मरून पडला आहे, तिच्याकडची गावठी पिऊन मेला. मॅनेजर नुसता खबर देऊन थांबला नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या पोराला शोधत आपण मावशीच्या पडवीत गेलो होतो आणि त्याला पिताना डोळ्यांनी पाहिले, असा जबाबही त्याने दिला. आयता साक्षीदार म्हटल्यावर माझ्या सहायक निरीक्षकाला हुरूप आला. त्याने छापा टाकला, मडकी फोडली, चूल उकरली, दारूचा कॅन जप्त केला आणि मावशीला सदोष मनुष्यवधाखाली अटक केली.

मेलेला पोरगा मावशीच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा मुलगा होता. एकुलता एक.

मी परत आलो तेव्हा ती बहीण ठाण्याच्या आवारात, लिंबाखाली बसलेली होती. रडून रडून आवाज गेलेला, तरी आत ऐकू जाईल असे ओरडत होती, "माझ्या बहिणीनंच माझं पोर खाल्लं गं! लहानपनी कडंवर घेतलं, आन आता त्येच पोर खाल्लं!" मावशी कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. भाच्याचे शेवटचे तोंडही तिला पाहू दिले नव्हते. मातीवर तिची सावली पडू द्यायची नाही, असे बहिणीनेच सांगितले होते.

तिने वळून पाहिले आणि मला वाटले, हा चेहरा मी कुठेतरी रोज पाहतो. कुठे, ते आठवेना.

"काय झालं, मावशी?" मी विचारले.

"सायेब, मी येकच सांगते, कोनी आयकत नाय. पयला पेला मीच पिते. कायम. त्या दिवशी बी पिली. दारूत इख असतं तर मी कशी जित्ती?"

मी बाहेर येऊन केस डायरी उघडली. मावशीच्या चौकशीपुढे एकच ओळ होती: 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देत आहे.'

मी सहायकाला बोलावले. पोरगा हुशार, परीक्षा देऊन वर आलेला.

"ही काय सांगते, ते लिहून का घेतलं नाही?"

"सर, दारू गाळणारी बाई, ती काहीही बोलेल. ओपन अँड शट केस आहे."

"त्या दिवशी पडवीत आणखी कोण होतं? त्यांचे जबाब?"

"सर, दारुड्यांचे जबाब कोर्टात टिकतात का?"

मी जे बोललो ते इथे छापण्यासारखे नाही. एकदा कानफाट्या नाव पडले की त्या माणसाचे खरे बोलणेही आपल्या कानात शिरत नाही. बाई पहिल्या वाक्यात बचाव सांगत होती, तपासायला सोपा, आणि आमच्या ठाण्यात ते एक वाक्य लिहायला कोणाला पेन सापडले नाही. त्या दिवशी तिच्याकडची दारू प्यालेली माणसे जिवंत आहेत की नाहीत, एवढे तरी कोणी पाहायचे होते! सगळे धडधाकट होते. मी त्यांना एकेकटे बोलावले. पोरगा त्या दिवशी पडवीत आलाच नव्हता, असे प्रत्येकाने सांगितले. मग मी विचारले, पाहुणा आला तर पहिला पेला त्याला देतात का? एक म्हातारा माझ्याकडे बघून हसायलाच लागला.

"पावन्याला आधी द्याया तो काय चहा हाय का सायेब? आधी थोडी भुईला सांडायची. मंग देनाऱ्यानं सोता प्यायची. मंग बाकीच्यांनी. देनाऱ्यानं पिली नाय तर आमी हात बी लावत नाय."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला पुरवणी जबाबासाठी बोलावले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर बारीक गंध, बोलणे गोड. खोटे बोलणाऱ्यांविषयी माझे एक निरीक्षण आहे. खरा साक्षीदार 'लक्षात नाही साहेब' असे चारदा म्हणतो. खोटा उदार असतो, मागाल त्याहून जास्त देतो. म्हणून मी चहा मागवला आणि त्याला बोलू दिले.

"बाई कशी होती? काय नेसली होती?"

"हिरवी साडी, सर. लाल काठाची. ठसठशीत काठ. केसात फूल होतं."

"दारू कशात दिली?"

"पळसाच्या पानाच्या द्रोणात. दोन्ही हातांनी, हसत हसत. तीच तर यांची परंपरा आहे."

"पहिल्यांदा कोणाला दिली?"

"त्या मुलालाच. पाहुण्याला आधी, सर. ही भोळी माणसं आहेत."

मी सगळे लिहून घेतले, त्याला वाचून दाखवले आणि सही घेतली. तो गेल्यावर पंचनामा काढला. जप्त मुद्देमालात फुटकी मडकी, दारूचा कॅन, एक ॲल्युमिनियमचे पातेले आणि स्टीलचे पेले. द्रोणाचे नावही नाही. लाल काठाची हिरवी साडी तर त्या घरात कोणी पाहिलीच नव्हती. दांडीवर दोन जुनी लुगडी होती, तेवढीच.

मी जीप काढली आणि मावशीचे घर पाहायला निघालो. घाटाच्या वळणावर मी ड्रायव्हरला ओरडलो, "थांब!"

रस्त्याच्या कडेला रिसॉर्टचा मोठा बोर्ड होता. त्यावर एक म्हातारी हसत होती. अंगावर लाल काठाची हिरवी साडी, केसात फूल, दोन्ही हातांत पळसाचा द्रोण, सरळ बघणाऱ्याकडे पुढे केलेला. कोठडीतला चेहरा मी रोज कुठे पाहत होतो, ते कळले. ज्या बाईचा चेहरा लावून यांनी धंदा केला, त्याच बाईला यांनी खुनी म्हणून आमच्या हवाली केले होते! आणि तो मॅनेजर मावशीच्या पडवीत कधी गेलाच नव्हता. त्याने मला बोर्ड सांगितला होता.

मावशीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "हा, फोटू काढला व्हता. त्यांच्या हाटेलावरच, लॉनवर. साडी त्यांचीच. फोटू झाल्यावर परत घेतली. मी म्हनलं, आधी भुईला सांडू दे, मंग मी पिते. तर तो फोटूवाला म्हने, नको, कॅमेऱ्याकडं दे. द्रोनात पानी व्हतं."

साडीसुद्धा परत घेतली! तेवढे ऐकून माझ्या हाताखालची महिला पोलीसही "शी!" म्हणाली.

मी मॅनेजरला पुन्हा बोलावले. या वेळी चहा नाही.

"मावशीच्या पडवीत चूल डाव्या हाताला आहे की उजव्या?"

तो अडखळला. "उजव्या."

"चूल पडवीत नाहीच. मागच्या अंगणात आहे. ती हिरवी साडी कुठे आहे?"

"तिच्याच घरी असेल, सर."

"तिच्या घरी नाही. चला, तुमच्या स्टोअरमध्ये बघू."

त्याच्या कपाळावरचे गंध घामाने ओघळले. आम्ही पंचांसह रिसॉर्टवर गेलो. साडी सापडली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. तिच्या मागे निळे ड्रम होते. एकात मोहाची वाळकी फुले भिजत घातली होती, नुसत्या वासासाठी. बाकीच्यांत कारखान्यात वापरायचे स्पिरिट. पाहुण्यांच्या ग्लासातली डोंगरातली अस्सल चव ती हीच.

मॅनेजर तिथेच खाली बसला. मग जे सांगितले ते त्याने अगदी साध्या आवाजात सांगितले, आणि तोच साधेपणा मला अजून सहन होत नाही. नवीन ड्रम आला होता. वास वेगळा वाटला. शनिवारची मोठी पार्टी होती. म्हणून बागेतल्या त्या पोराला बोलावून ग्लासभर पाजले. संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले. सकाळी म्हणाला, सगळे धुक्यासारखे दिसते. दवाखान्यात नेले असते तर डॉक्टरांनी विचारले असते काय प्यालास, म्हणून नेले नाही. त्याला खोलीत झोपवून ठेवले आणि दुपारी तो गेला. मग मालकाच्या सांगण्यावरून गाडीत घालून मावशीच्या वळणावर टाकला आणि ठाण्यात फोन केला.

"त्याला का पाजलं?" मी विचारले.

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू हा प्रश्न विचारण्यासारखाच नव्हता. "सर, पाहुण्यांना द्यायच्या आधी कुणाला तरी चाखायला द्यावंच लागतं ना."

आयुष्यात मी अनेक गुन्हेगार पाहिले. रागाच्या भरात कुऱ्हाड घालणारे पाहिले, ते नंतर ढसाढसा रडतात. पण तो माणूस रडला नाही. पार्टी मात्र त्यांनी रद्द केली होती, आणि पाहुण्यांना पाणी नसल्याचे कारण सांगितले होते.

पुढचे काम कागदांचे होते. व्हिसेराच्या तपासणीत मिथेनॉल हे विष निघाले, नव्या ड्रममध्ये तेच निघाले, मावशीच्या कॅनमध्ये ते नव्हते. मॅनेजरला आणि मालकाला अटक झाली. घाटातला तो बोर्ड मी मुद्देमाल म्हणून उतरवायला लावला. हवालदार म्हणाला, "सर, एवढा मोठा फ्लेक्स मुद्देमाल खोलीत मावायचा नाही." म्हटले, "घडी घाला." तिचे तोंड तिथे आणखी एक दिवसही राहू देणार नव्हतो.

मालक जामिनावर लवकर सुटला. रिसॉर्ट आता दुसऱ्या नावाने सुरू आहे आणि बोर्डावर दुसरीच कोणीतरी म्हातारी हसते आहे. मावशीवरचा दारूबंदीचा गुन्हा मात्र कायम राहिला, कारण तो खराच होता. चोर तो चोर आणि वर शिरजोर, ही म्हण आपण मुलांना शिकवतो, पण शिरजोराच्या बोर्डाखालून जाताना गाडीही हळू करत नाही. या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. आरोपीचे पहिले वाक्य शब्दशः लिहून घ्यावे, मग तो कोणीही असो. आणि कोणीही आग्रहाने काही पुढे करत असेल, तर आधी बघावे की पहिला घोट तो स्वतः घेतो की दुसऱ्याच्या लेकराला देतो.

पण माझ्यासाठी ते प्रकरण न्यायालयात संपले नाही. मावशी सुटून घरी आली, तेव्हा मेलेल्या पोराचे दिवसकार्य राहिले होते. मृताच्या नावाने मोह सांडल्याशिवाय ते पुरे होत नाही आणि बहीण कोणाच्याच हातची घ्यायला तयार नव्हती. बहिणीच्या एका जबाबावर सही हवी होती, म्हणून मी नेमका त्याच दिवशी तिथे पोहोचलो. अंगणात सगळे खोरे गोळा झालेले. मावशी आली ती कोणाकडे न बघता. तिच्या हातात स्टीलचा तसाच साधा पेला. तिने थोडी भुईला सांडली, पोराचे नाव घेतले आणि रीतीप्रमाणे पेला स्वतःच्या ओठांना लावायला गेली.

बहिणीने तिचे मनगट धरले. तिने मावशीच्या हातातून पेला काढून घेतला आणि तिच्याआधी स्वतः घोट घेतला.

"आता तू पी," ती म्हणाली.

मावशीने पेला घेतला आणि हुंदके देतच एक घोट घेतला. पडवीतल्या त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून पाहिले, मी गणवेशात होतो. मी टोपी काढून काखेत धरली. सही घ्यायचा कागद खिशातच राहू दिला आणि जीपकडे गेलो. त्या दिवशी मी तिथे कसलाही पंचनामा केला नाही.