उतारावरची डोण

पशुदवाखान्यातून रक्ताचे नमुने घ्यायला आमच्या कुंभवलीच्या वाडीवर येणारा तो माणूस आधी जनावरांशी बोलतो, मग आमच्याशी. सुई टोचताना शेळीला "झाला बाय, झाला" म्हणतो. येताना आणि जाताना फाटकाशी गमबूट घासून धुतो, घाई कितीही असो.

डुकरांच्या मैल्यातून कावीळ पसरू शकते, वाडा धुतलेलं पाणी शेळ्यांच्या पिण्याच्या डोणीत उतरू देऊ नका, असं त्याने मागच्या खेपेला सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि टाळलं. परवा तो यायचा होता म्हणून लाजेखातर सकाळीच डुकरांचा वाडा धुऊन काढला. ते सगळं पाणी उतारावरून डोणीत गेलं आणि शेळ्या त्यातलंच प्यायल्या.

त्याने आल्याआल्या डोण आडवी करून ओतली.

"काका, यांचा दूध कोण पितो?"

"सून. सातवा महिना आहे."

"कच्चाच?"

"धारोष्ण. मीच नेऊन देतो."

तो चिडला नाही. "ही कावीळ दुधातूनबी जाऊ शकते, नि गरोदर बाईला लय जड जाते. होईलच असा नाय. पण आता उकळूनच द्या, नि डॉक्टरला दाखवा. तिला तुमी सांगाल का मी सांगू?"

मी सांगतो म्हणालो. मनात होतं, तो गेल्यावर नुसतं दूध उकळायला सांगू, कारण कशाला. पण तो जाईना. ओटीवर बसला. सूनच चहा घेऊन आली. तो कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी तिला सगळं सांगितलं, टाळल्याचंही.

मग त्याने कप तोंडाला लावला.