सहा गाठी

भिला आबा चहाच्या दुकानातसुद्धा मधूनच नाक चिमटीत धरून कानांत हवा भरून पाहत. लोक हसायचे. कुणी विचारी, "आबा, कपमा कितलं पानी शे?" आबा शांतपणे म्हणत, "तुना डोकामा शे त्यानापेक्षा जास्ती."

धरणगावच्या आसपास कुणाच्या विहिरीत हंडा पडला, मोटेचं लोखंड तुटून बुडालं, की आबांना बोलावणं जाई. काम साधं दिसे. दोराच्या टोकाला जड दगड बांधलेला, दगड आबांच्या पोटाशी, आणि काठावरचा माणूस दोर सोडत जाई. दर दोन हातांवर एक गाठ होती. एक गाठ सोडायची आणि थांबायचं. कान मोकळे झाले, की आबा खालून दोराला झटका देत. मग पुढची गाठ.

"घाई करी ते कान जास, उशीर करा ते दम जास," ते म्हणत. नव्या विहिरीत आधी एकदा उगाचच बुडी मारून पाहत. थंडीत वेग आणखी कमी ठेवत. मी शाळेत शास्त्र शिकवीत असे, म्हणून पाण्याच्या दाबाविषयी पुस्तकात वाचलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक बराबर शे मास्तर. पन त्याले कान नही."

दोर नेहमी त्यांची बायको सखूअक्का धरी. ती नसली तर कधीमधी मी. माझा हात शांत आहे, असं आबा म्हणत. बुडालेल्याच्या घरच्यांबाबत त्यांचा एक नियम मात्र पक्का होता: "जेनं मानूस बुडनं, तेना हातमा दोर देवाना नही."

त्या भाद्रपदात विहिरी काठोकाठ भरल्या होत्या. माझा धाकटा भाऊ मधू शिकायला माझ्याकडे राहत असे. अंघोळीला गेला असता ओल्या पायरीवरून घसरून तो विहिरीत पडला आणि वर आलाच नाही. मी पोचलो तेव्हा आबा धोतर खोचत होते. अक्का नशिराबादला भाचीच्या बाळंतपणाला गेली होती. काठावर माणसं पुष्कळ होती, पण दोर कधी कुणी धरलेला नव्हता. आबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, मना झटका उना का मंगच गाठ सोडा."

मी मान हलवली.

पहिल्या दोन गाठी नीट सोडल्या. तिसरीला झटका येईना. मागून कुणी तरी ओरडत होतं, पोरगं मरी जाई, लवकर करा. मला वाटलं, खाली मधू अजून जिवंत आहे आणि आबा कान मोकळे करत बसले आहेत. मी दोर सोडला. सहा गाठी एकदम गेल्या.

आबांनी दगड सोडून दिला असता, तर कान वाचवून ते तिथूनच वर आले असते. त्यांनी दगड सोडला नाही. मधूला काखेत धरून ते वर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं आणि काठ कुठे आहे हेही त्यांना उमगत नव्हतं. डॉक्टरांनी मधूचं डोकं तपासलं. पायरीचा मार लागला होता. पाण्यात पडला तेव्हाच गेला असावा, असं ते म्हणाले.

त्यानंतर आबांना ऐकू आलं नाही. तोल राहीना. भिंतीला हात लावून चालत. विहिरीकडे गेले नाहीत. कुणी खुणेनं विचारलं तर सांगत, "मनाच हात घसरना, दोरले झटका बसत गयात." माझ्यासमोरही हेच सांगत, आणि मी खाली पाहत असे.

पाच वर्षांनी तापाचं निमित्त होऊन ते गेले. दहाव्याच्या दिवशी मी अक्काजवळ बसलो होतो. ती म्हणाली, "मी त्या दिन बाळंतपनले जावाले नको व्हतं. मी ऱ्हाती ते त्याना हात घसरता नही." पाच वर्षं ती हे मनात घेऊन होती.

"अक्का, हात त्यांचा घसरला नाही," मी म्हणालो. "दोर मी सोडला."

तिनं एवढंच विचारलं, "कितल्या गाठी?"

"सहा."

अक्का उठली. खुंटीवरचा दोर काढून तिनं ओसरीवर पसरला. एकेक गाठ बोटानं चाचपत सहावीपर्यंत गेली, आणि तिथे हात ठेवून बसून राहिली.