देवघरातलं जाड काडतूस
उदबत्ती लावली की मला बॉनमधलं आमच्या शेजारच्या जर्मन आजोबांचं स्वयंपाकघर आठवतं, कारण उदबत्ती खोचायला देवघरात त्यांनीच दिलेलं रिकामं पितळी काडतूस आहे. आजोबा शिकारी, आणि पुण्याहून आलेले माझे बाबा पक्के शाकाहारी, फिजिक्सचे निवृत्त शिक्षक. कॉफी आणि बंदुकीच्या तेलाच्या वासात आजोबांनी टेबलावर तीन काडतुसं उभी केली: बारीक कोल्ह्यासाठी, मधलं हरणासाठी आणि जाडजूड रानडुकरासाठी. "म्हणजे जाड गोळी सगळ्यात लांब जाणार," बाबा वर्गात सांगावं तसं म्हणाले. मी ते जर्मनमध्ये सांगितल्यावर आजोबा हसले. जाड गोळीचा दणका मोठा, पण ती जड आणि हळू असल्यामुळे लवकर खाली येते. मधली तिच्यापेक्षा लांबवर सरळ जाते. बाबा ओशाळले, मग पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला दोन्ही गोळ्यांचे मार्ग काढू लागले. आजोबांनी पेन्सिल मागून घेतली आणि त्या मार्गांच्या टोकाला एक हरीण आणि त्याच्यामागे मातीचा उंचवटा काढला. गोळी अडवायला मागे माती नसेल, तर ते बार टाकतच नाहीत. "गेनाऊ," बाबा म्हणाले. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा, त्यांना येणारा तो एकमेव जर्मन शब्द. माझ्या भाषांतराची गरज उरलीच नव्हती. निघताना आजोबांनी दिलेलं ते रिकामं जाड काडतूस बाबांना पुण्याला न्यायचं होतं, पण विमानतळावर अडवतील म्हणून मी ते बॅगेतून काढून ठेवलं. त्यावरून ते अजून दर रविवारी फोनवर मला झापतात, आणि एवढ्या लांबून येऊनही ते झापणं जराही खाली येत नाही.