वाकड्या तोंडाचा रिड्यूसर

करडीजवळच्या राईस मिलमध्ये मी मॅनेजर होतो, तेव्हा आमचा वाफेचा नवा पाइप असा दणादण ठोकायचा की पार कोंढा गावातल्या म्हशींचं दूध आटायचं. त्या दिवशी बॉयलरवाला आवाजाला भिऊन पळालाच. टाक्यांत भिजलेला धान संध्याकाळपर्यंत वाफवला नाही तर आंबणार, आणि माझी नोकरी जाणार.

मिलसमोर एसटीची वाट पाहणारा एक मळक्या टोपीचा फिटर आवाज ऐकून आत आला. पेचकसाचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावत तो पुढं सरकला आणि मोठा पाइप जिथं लहान होतो तिथं थांबला.

"हा रिड्यूसर कोनं निवडला?"

"मीच. चहूबाजूंनी सारखा, देखणा आहे."

"लग्न लावाचं हाये का त्याचं? धानाच्या बांधीतलं पानी काढाले मातीचा धुरा वरून फोडता का बुडातून, बाबूजी? वाफ कुठूनबी जाते. तिचं पानी खाली साचते, तेच ठोकते, त्याले वाट द्या."

दुकानदारानं आधी दिलेला, एका बाजूनं सपाट, वाकड्या तोंडाचा रिड्यूसर मी नापसंत करून टेबलावर कागद दाबायला ठेवला होता. आपली एसटी जाऊ देऊन, वाफ बंद करून त्यानं तोच बसवला, सपाट बाजू खाली करून. वाफ सोडली, तर इतकी शांतता की मला माझ्या मिशा वाढताना ऐकू आल्या!

धान वाचला. चहा येईपर्यंत तो पुढच्या एसटीत चढलाही होता. तेव्हापासून आरशात स्वतःचं वाकडं तोंड पाहिलं की मला फार धीर येतो.